एक वर, दोन खाली

रहाळकर काकांच्या दारात कधीही जा, ते आधी तुमचा उजवा हात मागतात. नमस्कार-चमत्कार नंतर. तळवा वर करून घेतात, अंगठा बाजूला सारतात आणि तीन बोटं एकेक करून दाबून बघतात. तर्जनी, मधलं, अनामिका. करंगळीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. निवडून वगैरे आले नाही. एका मीटिंगला उशिरा पोचले, तोवर मला करून टाकलेलं होतं. पहिलीच नोटीस घेऊन चौथ्या मजल्यावर काकांच्या सहीसाठी गेले, तर सही राहिली बाजूला, माझा हात त्यांच्या हातात. मला वाटलं, भविष्य बघतायत.

"काका, परदेशयोग आहे का बघा."

"तर्जनी आखूड आहे तुमची," काका गंभीरपणे म्हणाले. "पण चालेल. एक वर, दोन खाली."

या चार शब्दांत काकांचा सगळा धर्म आला. धनुष्याच्या दोरीला बाण लावला की तर्जनी बाणाच्या वर, उरलेली दोन बोटं बाणाच्या खाली. दोरी ओढायची ती अशी. काही लोक तिन्ही बोटं बाणाच्या खाली घेतात. त्यांच्याविषयी काका बोलू लागले की वाटतं, देवळातल्या चपला हेच लोक चोरत असणार.

"तीन खाली म्हणजे पळवाट हो. बाण डोळ्याजवळ येतो, नेम धरायला सोपा जातो. सोपा नेम काय, कुणीही धरेल."

काका सहा फुटी, सडसडीत, सत्तरीला आलेले. नोकरी सगळी मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात, धाग्याच्या खात्यात झाली. तेव्हा धनुष्याचा काही संबंध नव्हता. हे खूळ गेल्या तीन वर्षांतलं. पण एकदा शिरलं ते असं की भाजीची पिशवीसुद्धा तीन बोटांच्या पहिल्या पेरांत अडकवून आणतात. तिथे घट्टे पडलेत आणि ते घट्टे ते लोकांना दाखवतात, जशी आपण नातवंडांची प्रगतिपुस्तकं दाखवतो. एका वर्षी सोसायटीने घरोघर कॅलेंडर वाटलं. काकांनी ते दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. त्यावरच्या रामाने दोरी मुठीत धरली होती.

"या मुठीने रावण मरेल का, सांगा मला," ते म्हणाले. मी कॅलेंडर ठेवून घेतलं.

या चार शब्दांनी एकदा अख्ख्या बिल्डिंगचं पाणी घालवलं. आमच्याकडे पाण्याची एक टाकी वर गच्चीत आहे आणि दोन खाली जमिनीत. पंप दुरुस्त करणारा माणूस व्हॉल्वपाशी उभा राहून, कोणता चालू ठेवायचा आणि कोणता बंद, हे विचारायला कुणाची तरी वाट बघत होता. तेवढ्यात काका बोटं मोडत जिना उतरले. स्वतःशीच चाललं होतं, "एक वर, दोन खाली, बाकी बंद." बाकी म्हणजे अंगठा आणि करंगळी. पंपवाल्याने शब्द झेलला आणि उरलेले सगळे व्हॉल्व आवळून घरी गेला. दुपारपर्यंत बिल्डिंग पारोशी बसली. फोन केला तर तो म्हणतो, "मॅडम, वो लंबेवाले काका बोलले ना. मी तर त्यांच्या शब्दाबाहेर काय केलंच नाय."

काकांना या प्रकाराचं वाईट वाटलं नाही. "ऐकलं तर खरं त्याने," एवढंच म्हणाले.

सामानाच्या बाबतीत तर बोलायची सोय नाही. डोंबिवलीत एका क्लबात ते सुरुवातीला शिकायला गेलेले. तिथल्या पोरांकडे चाकं लावलेली, दुर्बिणी बसवलेली धनुष्यं होती. काका दोन महिन्यांत सगळं समजून घेऊन बाहेर पडले. "ते धनुष्य नव्हे, सायकल आहे." मग मुरबाडच्या पलीकडच्या एका पाड्यावर चार-पाच खेपा घालून, तिथल्या एका म्हाताऱ्या बुवांच्या ओसरीवर बसून बांबूचं धनुष्य करायला शिकले. दोरी मात्र स्वतः वळतात. दोरा विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या शिलाईच्या सामानाच्या दुकानातून आणायचा, तोही पॉलिएस्टरचा. जन्म रेयॉनमध्ये गेला, पण रेयॉन चालत नाही.

"रेयॉन ताणलं की लांबतं आणि परत येत नाही," काका सांगतात. "उभं आयुष्य त्याच्यावर काढलं म्हणून खोटं कसं बोलू?"

बोटांना दोरी कापू नये म्हणून आत चामड्याची पट्टी धरतात. ती त्यांच्या जुन्या कोल्हापुरी चपलेची. आणि बाणाला लावायची पिसं कोंबडीच्या दुकानातून. आता, रहाळकरांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. त्यामुळे ऐन चतुर्थीला काका कोंबडीवाल्याच्या रांगेत उभे दिसले तेव्हा अर्ध्या तासात ती बातमी चारही मजल्यांवर पोचली. मी स्वतः ऐकलंय, काका त्याला समजावत होते, "एका बाणाला सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात. डाव्याची डाव्यांत ठेवा, उजव्याची उजव्यांत." तो बिचारा हातातला सुरा थांबवून म्हणाला, "काका, आता काय कोंबड्याला विचारून कापू, तुझा डावा कुठला म्हणून?"

तिसऱ्या मजल्यावरचे सामंत काकांची सगळ्यात जास्त खेचायचे. एकदा जिन्यात म्हणाले, "काय हो रहाळकर, समजा द्रोणाचार्य आले नि म्हणाले अंगठा द्या, तर?"

"देईन. लगेच देईन," काका म्हणाले. "आमच्या पकडीत अंगठा नुसता बसून असतो, जावयासारखा. तर्जनी मागितली असती तर मात्र जरा विचार करावा लागला असता."

सगळे हसले. मीही हसले. काका हसले नाहीत, हे मला नंतर आठवलं.

आता कुंदाकाकूंबद्दल सांगायला हवं. कुंदाकाकू म्हणजे काकांच्या पत्नी आणि आमच्या बिल्डिंगची रांगोळी. दिवाळीचे पाचही दिवस गेटपासून जिन्यापर्यंत त्यांची रांगोळी असायची आणि तिच्यावर पाय पडला तर सामंतांनाही सोडायच्या नाहीत. चिमटीतून अशी बारीक रेघ सोडायच्या की शाईने काढली असं वाटावं. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पाय निम्माअधिक आला, हात आला नाही. आमच्याकडे लिफ्ट नाही, त्यामुळे त्या चौथ्या मजल्यावरून खाली उतरेनाशा झाल्या. आम्ही कुणी भेटायला गेलो की उजवा हात पदराखाली घेऊन बसायच्या. गप्पा मारायच्या, टोमणेही मारायच्या, पण पदर हलू द्यायच्या नाहीत. हळदीकुंकवाला बोलावलं तर म्हणाल्या, "डाव्या हाताने कुंकू कसं लावू गं?"

आणि त्यांना रुग्णालयातून आणल्यावर चार-सहा महिन्यांतच काकांनी धनुष्य हातात घेतलं. तेव्हा लोक काय बोलले असतील ते वेगळं सांगायला नको. बायको आत बसलीय आणि हे गच्चीत वनवासाला निघालेत. बायकांच्या भिशीत हे वाक्य मीच म्हटलेलं. लिहायला बसलेय तर लपवायचं कशाला.

त्यात काकांचं धनुष्य दिवसेंदिवस लेचंपेचं होत चाललं होतं. जिन्याच्या शेवटच्या वळणावर बसून ते काचेच्या तुकड्याने बांबू पोटाकडून तासत बसायचे, मग रद्दीवाल्याकडे असतो तसल्या ताणकाट्याला अडकवून दोरी ओढायला किती किलो जोर लागतो ते बघायचे. सुरुवातीला बारा होता. मग आठ झाला. मग पाच. सामंत म्हणाले, "काका, आता त्याने माशी तरी मरेल का?" आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचा जोर संपत आला आणि कबूल करवत नाही.

मग तो प्रकार झाला. गच्चीवर सामंतांचा सोलर आहे, पाणी तापवायचा. त्याच्या काचेच्या नळ्यांपैकी एक एका संध्याकाळी फुटली आणि तिच्यापाशी बाण सापडला. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग भरली. सामंतांनी पुराव्यासारखा बाण वर धरला.

"उद्या कुणाच्या डोळ्यात घुसला तर? गच्ची काय ह्यांची एकट्याची हाय?"

मी वाट बघत होते की काका आता उभे राहून अर्धा तास पकड समजावतील. कॅलेंडरातल्या रामाला न सोडणारा माणूस. काका उठले आणि म्हणाले, "बाण माझा आहे. सोडताना बोट अडकलं. नळी मी नवी बसवून देतो." आणि खाली बसले.

ठराव झाला. गच्चीवर धनुष्यबाण बंद, आणि काकांकडे असलेली गच्चीच्या दाराची किल्ली सेक्रेटरीने शनिवारपर्यंत ताब्यात घ्यायची. त्यावर मात्र काका पुन्हा उठले.

"बाण नाही मारणार. किल्ली तेवढी असू द्या."

"बाण नाही तर किल्ली कशाला?" सामंतांनी विचारलं.

काका उभे राहिले, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि खाली बसले. माणूस आपल्याकडे मदतीसाठी बघतो ते कळतं. मी वहीत ठराव लिहीत होते, तो लिहीत राहिले.

बाण माझ्याकडे दिलेला होता, परत करायला. शनिवारी चहा घेताना तो टेबलावर पडलेला होता आणि मला काहीतरी खटकलं. काकांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलेलं, बाण हाताच्या मापाचा लागतो. दुसऱ्याची चप्पल आपण घालत नाही, तसा दुसऱ्याचा बाण वापरत नाहीत. छातीपासून समोर धरलेल्या बोटांच्या टोकापर्यंत, हे माप. मी तो छातीला लावून बघितला. मी पाच फूट दोन इंच. बाण मलाही दोन बोटं कमी पडत होता. सहा फुटी काकांच्या तर मनगटापुढे थोडाच गेला असता. पिसांच्या खाली हळदीच्या रंगाचा दोरा गुंडाळलेला होता, अगदी निगुतीने.

म्हणजे काका खोटं बोलले होते. माझं डोकं लगेच सेक्रेटरीसारखं चाललं. हे गुपचूप गच्चीवर शिकवणी घेतायत, आणि शिकणाऱ्याचं पाप स्वतःच्या अंगावर घेतायत. मी चांगलीच चिडले. बाण घेऊन पाच वाजता चौथ्या मजल्यावर गेले. दार लोटलेलं होतं, घरात कुणी नाही. काकूंची खुर्चीही रिकामी. गच्चीच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर काकूंची काठी कठड्याला टेकवून ठेवलेली होती.

वर गच्चीचं दार अर्धं उघडं होतं.

काकू पाण्याच्या टाकीजवळ स्टुलावर बसल्या होत्या. डाव्या हातात ते लेचंपेचं धनुष्य. उजवा हात उघडा, पदराबाहेर. तीन वर्षांत मी तो पहिल्यांदा बघत होते. अंगठा तळव्यात दुमडून पडलेला, तर्जनी नुसती लोंबत होती. पण मधलं बोट आणि अनामिका दोरीवर होती, दोन्ही बाणाच्या खाली, आणि ती दोरी ओढत होती. काका मागे उभे होते. त्यांचा हात काकूंच्या कोपराखाली होता, न टेकवता, पडलंच तर धरायला.

"घाई नाही. खांदा खाली. सोडायचा नाही, सुटू द्यायचा."

दोरी वाजली. सहा-सात पावलांवर चिंध्या भरलेलं पोतं होतं, त्यात बाण जाऊन उभा राहिला. काका चूक काढतील म्हणून मी थांबले. त्यांनी पुढचा बाण उचलला.

मग काकूंना मी दिसले. धनुष्य मांडीवर पडलं आणि हात पदराखाली गेला.

"ये," त्या म्हणाल्या. "आलीच आहेस तर."

मी हातातला बाण पुढे केला. काकांनी तो घेतला, पिसं सारखी केली आणि बोलायला लागले. नेहमीसारखं शिकवल्यासारखं नाही. पायांकडे बघत.

"डॉक्टर म्हणाले, अंगठा येणार नाही, तर्जनीचीही आशा धरू नका. मधली दोन बोटं मात्र वापरत राहा, नाहीतर तीही जातील. घरी आलो. बघत बसलो, अंगठ्याशिवाय हाताला काय काम देता येतं. चमचा नाही. बटण नाही. पेन नाही. साधी शेंग सोलता येत नाही हो. आणि रांगोळी तर चिमटीतूनच पडते. एक दिवस टीव्हीवर कुणीतरी धनुष्य ओढत होतं. त्याचा अंगठा नुसता बसून होता."

"आणि तर्जनी?" मी विचारलं.

"तिचा विचार करावा लागला," काका म्हणाले. "वर्षभर. आधी स्वतः नीट शिकलो. हिला चुकीचं शिकवून चाललं नसतं."

म्हणजे तो बांबू काकांचा जोर संपला म्हणून तासला जात नव्हता. काकूंच्या दोन बोटांना झेपेल तिथपर्यंत तो खाली आणला जात होता, किलो-किलोने, दीड वर्ष. ज्या माणसाने तीन खाली म्हणणाऱ्या लोकांचा ऊठसूट उद्धार केला, तो इथे रोज संध्याकाळी दोनच बोटं खाली लावून घेत होता आणि खांदा बघत होता. भिशीतलं माझं वाक्य मला आठवलं आणि लाज वाटली.

"मीटिंगमध्ये हे सांगितलं असतंत तर कुणी किल्लीचं नाव काढलं नसतं," मी म्हटलं.

काकांनी काकूंकडे बघितलं. "हिला शब्द दिलाय. हाताचं कुणाला सांगायचं नाही."

मग त्यांनी सदऱ्यात हात घातला. किल्ली जानव्याला बांधलेली होती. गाठ सोडायला वेळ लागला. ती माझ्या हातात ठेवून म्हणाले, "घ्या. ठराव आहे. काठी घेऊन हिला एवढ्याच पायऱ्या चढता येतात, खालच्या नाही. बघू काहीतरी. घरात पॅसेज आहे." त्यांच्या घरातला पॅसेज मला माहीत आहे. तिथे फ्रिज आहे.

"नीला, थांब," काकू म्हणाल्या. शब्द एकेक करून येत होते. "मीटिंगमध्ये काय म्हणाले हे? नळीचं?"

"म्हणाले, सोडताना बोट अडकलं."

"कुणाचं?"

"त्यांचं."

काकू काकांकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मला ओळखीचा होता. रांगोळीवर पाय पडला की असाच व्हायचा.

"ह्यांचं बोट अडकलं? ह्यांचं?" त्या म्हणाल्या. "चार लोकांत असं सांगून आलात? तुमचा नेम चुकतो म्हणून?"

"अगं, एका नळीचं काय..."

"तुम्ही गप्प बसा." त्या माझ्याकडे वळल्या. "सामंतांना सांग. नळी मी फोडली."

"काकू, मग सगळंच सांगावं लागेल. हाताचंसुद्धा."

त्यांनी पदराकडे बघितलं. खालून भाजीवाल्याची आरोळी आली, ती पुढे निघून गेली. मग त्यांनी डाव्या हाताने पदर बाजूला केला, उजवा हात उचलून मांडीवर उघडा ठेवला आणि म्हणाल्या, "सांग. उजव्या हाताने फोडली म्हणावं."

काका पोत्यातला बाण काढायला गेले. बाण काढायला एवढा वेळ लागत नाही. ते आमच्याकडे पाठ करूनच उभे होते, आणि मीही दुसरीकडे बघत राहिले.

"आणि आता तासायचं नाही," काकू मला म्हणाल्या, जरा मोठ्याने, काकांना ऐकू जावं म्हणून. "हलकं लागतंय मला हे. सांगितलंय ह्यांना."

"करतोय," काका पाठमोरेच म्हणाले. "नवीन करतोय. अर्धा किलो वाढवून."

तिसऱ्या मजल्यावर सामंत दारातच उभे होते. "काय, दिली का किल्ली?"

मी सांगितलं. सगळं, काकूंनी सांगायला लावलं तसं. सामंत ऐकत राहिले. हात दाराच्या कडीवर होता तो तिथेच राहिला.

"काकूंनी?" ते म्हणाले. "उजव्या हातान?"

"हो."

"टाकीपासून?"

"हो."

"लांब हाय की तसं," सामंत म्हणाले, आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी रविवारी ते एक जुना प्लायवूड खांद्यावर घेऊन वर गेले आणि सोलरच्या बाजूला उभा करून तारेने बांधून आले. ठरावाचं पुढे कुणी विचारलं नाही. किल्ली मी आदल्या संध्याकाळीच परत वर नेऊन दिली होती.

परवा पाण्याच्या नोटिशीवर सही घ्यायला पुन्हा चौथ्या मजल्यावर गेले. काकांनी सवयीने माझा हात घेतला, अंगठा बाजूला सारला, तर्जनी दाबली.

"लक्षात आहे ना? एक वर..."

"दोन पुरतात," आतून काकूंचा आवाज आला.

काकांनी एकदा आत बघितलं आणि माझी तर्जनी सोडली.

"पुरतात," ते म्हणाले. मग माझ्याकडे वाकून, हळूच, "पण तुम्ही आपलं एक वर ठेवा हो."